जिनिंगच्या हंगामात फसलेले चाचणी-बिल्ड : एक प्रकरण अभ्यास

धरणगावच्या बाजूला असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात २०२२-२३ च्या कापूस हंगामात एका रविवारी सकाळी वजनकाट्याची खोली उघडली, काटा सुरू झाला, संगणकावर वजनही उमटू लागले. परंतु आदल्या रात्री गाठी भरून उभ्या केलेल्या दोन ट्रकांचे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन कागदपत्र, काढायला कारकून बसला तेव्हा पान उघडेना. दोन्ही ट्रक परराज्यातील सूतगिरण्यांकडे निघायचे होते. एका ट्रकात शंभर गाठी, म्हणजे १७० किलोच्या गाठीच्या हिशेबाने सतरा टन रुई, आणि पन्नास हजार रुपयांवरचा माल परराज्यात न्यायचा तर ई-वे बिलावाचून चाक हलवता येत नाही. काट्यावरच्या काकांनी मला जळगावला फोन केला तो एवढ्याच शब्दांत : "काटा चाली ऱ्हायना भाऊ, पन नेट बंद शे." (काटा चालू आहे, पण नेट बंद आहे.)

त्या कारखान्याच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. आदल्या रात्री दहाच्या सुमारास माझ्या सहकाऱ्याने तिथल्या फायरवॉलवर, म्हणजे कारखान्याचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून काय आत-बाहेर जाऊ द्यायचे ते नियमांनी ठरवणाऱ्या यंत्रावर, त्या दिवशीचे चाचणी-बिल्ड (प्रकाशनाआधीची, रोज नव्याने तयार होणारी आवृत्ती) चढवले होते, हे मला ठाऊक होते. तरीही पहिला अर्धा तास मी इंटरनेट कंपनीच्या फायबरला दोष देण्यात घालवला, कारण आमच्याकडे रस्त्याचे काम निघाले की जेसीबीखाली पहिला बळी फायबरचाच जातो. त्या बिल्डमध्ये नेमके काय बिघडले, ते का बिघडले आणि दोन तासांत निपटायचा बिघाड चार दिवस का लांबला, याची ही नोंद आहे. कारखान्याचे आणि फायरवॉल प्रकल्पाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीवर उभारलेले ते एक मुक्त स्रोत फायरवॉल होते, एवढे वाचकाला पुरावे.

चाचणी-बिल्ड वापरायची वेळ का आली

जुना फायरवॉल म्हणजे दोन नेटवर्क कार्डे लावलेला एक साधा डेस्कटॉप संगणक होता. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर त्याहून वर जातो. अशाच एका दुपारी त्याचा पॉवर सप्लाय गेला आणि मदरबोर्डही घेऊन गेला. कारखाना उन्हाळ्यात बंद असल्यामुळे कोणाचे फारसे अडले नाही. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, नवे यंत्र आणायला सांगितले आणि विक्रेत्याकडून पंखा नसलेला, चार पोर्टांचा, हातात मावेल एवढा छोटा संगणक आला. पंखा नसल्याने रुईचा तंतू आत ओढला जात नाही, हा जिनिंगमध्ये खरोखरीचा फायदा आहे. मी तेवढे पाहिले आणि होकार दिला. पोर्टांवर कोणती चिप आहे हे पाहिले नाही.

ती चिप इंटेलची आय-२२६ होती, २.५ गिगाबिट वेगाची आणि बाजारात नवी. फायरवॉलची त्या वेळची स्थिर आवृत्ती फ्रीबीएसडीच्या ज्या जुन्या शाखेवर उभी होती, त्या शाखेतील ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) ही चिप ओळखत नव्हता. इन्स्टॉलर सुरू झाला आणि एकही नेटवर्क पोर्ट सापडत नाही असे सांगून थांबला. फायरवॉलला पोर्टच दिसत नसतील तर ते यंत्र म्हणजे नुसता पेटारा होय.

अशा वेळी तीन वाटा असतात. यंत्र परत करायचे, यूएसबीला जोडायचे नेटवर्क अडॅप्टर लावून वेळ मारून न्यायची, किंवा पुढच्या आवृत्तीचे चाचणी-बिल्ड वापरायचे, कारण ते फ्रीबीएसडीच्या नव्या शाखेवर बेतलेले असल्यामुळे त्यात या चिपचा ड्रायव्हर आलेला असतो. पहिल्या वाटेला विक्रेता तयार नव्हता. दुसरी वाट मी स्वतः नाकारली, कारण यूएसबीवरची नेटवर्क अडॅप्टरे फ्रीबीएसडीवर लांब पल्ल्याला साथ देत नाहीत असा माझा अनुभव आहे. तिसरी उरली. त्या निर्णयावर सही माझी आहे, सहकाऱ्याची नाही, हे आधीच नोंदवतो.

पहिले चाचणी-बिल्ड जवळपास सहा आठवडे बिनतक्रार चालले, आणि माझ्या मते खरा घात या सहा आठवड्यांनीच केला. चाचणी-बिल्ड पहिल्याच दिवशी कोसळले असते तर आम्ही यंत्र बदलले असते. ते चालत राहिले म्हणून ते चाचणीचे आहे याचाच विसर पडला.

चाचणी-बिल्ड म्हणजे नेमके काय

मुक्त स्रोत फायरवॉलची जी घराणी आपल्याकडे लहान कार्यालयांत दिसतात, त्यांचा वंश एकच आहे. २००३ च्या सुमारास एम-झिरो-एन-झिरो-वॉल हा छोटेखानी प्रकल्प सुरू झाला, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटला आणि २०१५ च्या जानेवारीत पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स. पाठोपाठ फेब्रुवारीत मूळ प्रकल्प बंद झाला. या सर्वांच्या बुडाशी फ्रीबीएसडी आहे, आणि पीएफसेन्स व ओपीएनसेन्सच्या पोटात पीएफ हा पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, गाळणारा भाग आहे, जो मुळात ओपनबीएसडी या भावंड प्रणालीमध्ये २००१ साली आला. त्यावर पीएचपी भाषेत लिहिलेला वेबपानांचा थर, आणि सर्व सेटिंगे एका एक्सएमएल फाइलमध्ये.

म्हणजे आपण ज्याला एक वस्तू समजतो ते निदान चार ठिकाणांहून आलेले सामान असते : कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि मूळ प्रणाली, त्याबाहेरची शेकडो पॅकेजे, पीएचपीचा थर, आणि प्रकल्पाने स्वतः केलेले बदल. चाचणी-बिल्ड तयार करणारा सर्व्हर रात्री या चारही ठिकाणचा त्या घटकेचा कोड उचलतो, तो संकलित करतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणतो, त्याची इमेज (यंत्रावर जशीच्या तशी चढवायची प्रत) बनवतो आणि सकाळी ती उतरवून घेण्यासाठी ठेवतो. बिल्ड "यशस्वी" झाले याचा अर्थ संकलन कुठे अडले नाही, एवढाच. ते यंत्र सुरू होते का, नियम चढतात का, टनेल (दोन ठिकाणची नेटवर्के इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणारा मार्ग) उभे राहते का, हे बहुतेक वेळा पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणजे ते चढवणारा वापरकर्ता असतो. फ्रीबीएसडीमध्ये पीएफसाठी लिहिलेल्या स्वयंचलित चाचण्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत. पण त्या पीएफला तपासतात, त्याच्या डोक्यावर बसलेल्या पीएचपीच्या थराला नाही.

इथे एका शब्दाने अनेकांची फसगत होते. फ्रीबीएसडीत विकासाची मुख्य शाखा "करंट" म्हणून ओळखली जाते आणि तिच्याखालच्या शाखांना "स्टेबल" म्हणतात. त्या "स्टेबल"चा अर्थ ती शाखा भक्कम आहे असा नसून, त्या शाखेवर संकलित केलेला प्रोग्राम पुढेही चालेल, म्हणजे आतला करार मोडला जाणार नाही, असा आहे. "करंट"मध्ये तो करार कोणत्याही दिवशी मोडू शकतो. आमच्या यंत्रावरचे बिल्ड "करंट"वर बेतलेले होते.

रविवारची सकाळ

सहकाऱ्याने शनिवारी रात्री बिल्ड का बदलले, याचे उत्तर साधे आहे. जळगावच्या कार्यालयाकडे जाणारे टनेल दोन दिवसांपासून अधूनमधून तुटत होते आणि वेबपानावर नवे बिल्ड उपलब्ध असल्याची पट्टी दिसत होती. नव्यात दुरुस्ती असेल, असा त्याचा कयास होता. रोज येणाऱ्या बिल्डच्या बाबतीत असा कयास मुळातच कच्चा असतो, कारण कालच्या आणि आजच्या बिल्डमध्ये काय बदलले याची यादी कोणी आपल्यासाठी लिहिलेली नसते. ती कोडच्या नोंदींतून स्वतः वाचावी लागते. बटण दाबले, यंत्र पुन्हा सुरू झाले, दूरवरून ते दिसेना, तेव्हा "सकाळपर्यंत येईल" म्हणून तो झोपला. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही झोपलो असतो.

फायबरचा नाद सोडून मी पाळधीमार्गे कारखान्यावर पोहोचलो तोवर फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्या हंगामात शेतकऱ्यांनी आदल्या वर्षीच्या भावाच्या आशेने कापूस घरात धरून ठेवला होता, त्यामुळे आवक रोज सारखी नसे. भाव किंचित हलला की एकदम येई. तो दिवस नेमका तसा निघाला. काटापावत्या हाताने लिहायला सुरुवात झाली होती आणि कारकुनाने मोबाइलचे नेट लॅपटॉपला जोडून पहिल्या ट्रकचे ई-वे बिल काढले होते. दुसऱ्याचे अडले होते, कारण त्याचे बीजक जळगावच्या सर्व्हरवर होते आणि टनेल बंद होते.

यंत्राला पडदा आणि कीबोर्ड जोडल्यावर दिसले ते गोंधळात टाकणारे होते. यंत्र सुरू होते. यंत्रावरून बाहेरचा पत्ता पिंग होत होता, म्हणजे हाक दिली की उत्तर येत होते. कारकुनाच्या संगणकावर संकेतस्थळाच्या नावाचा पत्ताही सापडत होता, फक्त पान उघडत नव्हते. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा ठरला. नावे शोधून देणारी सेवा फायरवॉलवरच चालते. ती बाहेर जाते तेव्हा फायरवॉलचा स्वतःचा पत्ता वापरते. कारखान्याच्या संगणकांना मात्र बाहेर जाताना आपला अंतर्गत पत्ता बदलून घ्यावा लागतो, आणि तो बदलण्याचे काम पीएफच्या नियमांत असते. ज्याअर्थी यंत्र स्वतः बाहेर जाते, नावे सापडतात आणि आतले संगणक तेवढे अडतात, त्याअर्थी नियमच चढलेले नाहीत. कर्नलमधील नियमांची यादी मागितली तर उत्तरादाखल एकही ओळ आली नाही.

या रिकाम्या यादीकडे जरा थांबून पाहायला हवे. पीएफमध्ये एकही नियम नसेल तर तो सर्व काही अडवतो असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे, तो सर्व काही जाऊ देतो. म्हणजे शनिवारी रात्री दहापासून रविवारी सकाळपर्यंत आमच्या फायरवॉलचे स्वतःचे वेबपान आणि दूरस्थ लॉगिन बाहेरच्या बाजूनेही उघडे होते. कारखान्याला इंटरनेट कंपनीने स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नव्हता, अनेक ग्राहकांत वाटलेला एकच पत्ता होता, म्हणून बाहेरून कोणाला तिथवर थेट पोहोचता आले नसते. ही आमची हुशारी नव्हती, इंटरनेट कंपनीची काटकसर होती. नेट बंद पडल्याची तक्रार काट्यावरून आली. दार उघडे राहिल्याची तक्रार कोणीच केली नसती. फायरवॉलचे बिघडलेले बिल्ड इतर कोणत्याही बिघडलेल्या बिल्डपेक्षा वेगळे का मानावे, याचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले.

कोरा टॅग

नियम का चढले नाहीत, हे पडद्यावरच लिहिलेले होते. नियमांची फाइल तयार करणारा पीएचपीचा कोड मध्येच एका चुकीवर थांबला होता आणि थांबल्यामुळे पुढचे काहीच झाले नव्हते.

पीएचपी ७.४ या आवृत्तीचा सुरक्षा-आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला. वेबपानांचा थर पीएचपीत असलेल्या प्रत्येक प्रकल्पाला त्या सुमारास ८ मालिकेत जाणे भाग होते, आणि आमचा प्रकल्पही चाचणी-बिल्डांत तेच करत होता. या स्थलांतराची अवघड बाजू अशी, की ७.४ जिथे नुसता इशारा देऊन पुढे जात असे, अशा कित्येक ठिकाणी ८ काम थांबवतो. उदाहरणार्थ, एखाद्या चलात यादी असेल या भरवशावर कोडने त्यातला एखादा नावाचा कप्पा वाचायला घेतला आणि प्रत्यक्षात तिथे नुसता मजकूर, अगदी कोरा मजकूर निघाला, तर ७.४ कुरकुर करून पुढे सरकत असे. ८ तिथेच चूक फेकतो.

आता सेटिंगची एक्सएमएल फाइल. वेळापत्रकाप्रमाणे नियम लागू करण्याची सोय आम्ही सुरुवातीला वापरून पाहिली होती, हमालांच्या खोलीतील वायफाय रात्री बंद ठेवण्यासाठी. नंतर ती काढून टाकली. नोंद गेली, पण तिला गुंडाळणारा टॅग (एक्सएमएल फाइलमधील नावाची खूण) फाइलमध्ये कोराच राहिला. फाइल वाचणारा कोड भरलेल्या टॅगची यादी करतो आणि कोऱ्या टॅगचा कोरा मजकूर. पाच वर्षे वापरात असलेल्या कोणत्याही फायरवॉलच्या फाइलमध्ये असे कोरे टॅग डझनावारी सापडतील. प्रकल्पाच्या विकसकांनी बिल्ड तपासले ते नव्या, स्वच्छ सेटिंगवर. तिथे तो टॅगच नव्हता, म्हणून त्यांच्याकडे नियम चढले.

दोष सापडायला अडीच तास लागले आणि दुरुस्तीला दोन मिनिटे. फाइलमधला तो टॅग हाताने काढला, नियम पुन्हा चढवले, पावणेबाराला कारकुनाच्या संगणकावर पान उघडले. टनेल मात्र उभे राहिले नाही. टनेलचा प्रोग्राम ज्या सामायिक फाइलवर अवलंबून होता, तिची जुनी आवृत्ती नव्या मूळ प्रणालीत उरलेली नव्हती आणि ते पॅकेज अजून नव्या प्रणालीसाठी संकलित झालेले नव्हते. करार मोडलेला होता तो असा. याला हाताने करण्यासारखा उपाय नव्हता.

परतीचे दोर

आदल्या दिवशीचे बिल्ड परत चढवले की प्रश्न मिटेल, असे कोणालाही वाटेल, आम्हालाही वाटले. पण प्रकल्पाच्या सर्व्हरवर फक्त ताज्या बिल्डची इमेज ठेवलेली होती. सहा आठवड्यांपूर्वीची इमेज ज्या पेनड्राइव्हवर होती, तो सहकाऱ्याने मधल्या काळात पुसून त्यावर घरच्या लग्नाचे फोटो नेले होते. स्थिर आवृत्तीवर परत जाणे शक्यच नव्हते, कारण तिला पोर्ट दिसत नव्हते.

त्यातून एखादी जुनी इमेज कुठून मिळाली असती तरी सेटिंगची फाइल आडवी आली असती. नवे बिल्ड पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ते फाइलमधील रचना आपल्या सोयीची करून घेते आणि फाइलवरचा आवृत्ती-क्रमांक वाढवते. पुढच्या क्रमांकाची फाइल मागची आवृत्ती नीट वाचू शकत नाही. बिल्ड पुढे नेले की परतीचे दोर असे आपोआप कापले जातात, आणि कापल्याचा आवाजही होत नाही. यंत्रावरच्या जुन्या बदलांच्या इतिहासात अद्ययावत करण्याआधीची फाइल सापडली, हे सुदैव; तो इतिहास ठरावीक संख्येपर्यंतच ठेवला जातो, आणि आम्ही सकाळपासून सेटिंगे बदलत बसलो असतो तर जुनी फाइल मागे पडून पुसली गेली असती.

सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. वीज कधीही जाते म्हणून मी यंत्रावर झेडएफएस ही फाइल प्रणाली आग्रहाने घेतली होती. एकाएकी वीज गेल्यावर तिच्यातली माहिती सहसा विस्कटत नाही. त्याच झेडएफएसवर फ्रीबीएसडीमध्ये बूट एन्व्हायर्नमेंटची सोय आहे : एक आज्ञा दिली की चालू प्रणालीची प्रत काही क्षणांत बाजूला ठेवली जाते, आणि बिल्ड फसले तर यंत्र सुरू करताना ती प्रत निवडून जसेच्या तसे मागे येता येते. सेटिंगची फाइलही त्याच प्रतीतली, त्यामुळे क्रमांकाचा प्रश्न उरत नाही. ती आज्ञा शनिवारी रात्री दिली गेली नव्हती. ती द्यायची असते हे मी सहकाऱ्याला कधी सांगितलेही नव्हते.

ओपीएनसेन्समध्ये एकेक पॅकेज मागच्या प्रकाशित आवृत्तीवर नेण्याची वेगळी आज्ञा आहे आणि विकसकाचा एखादा बदल तेवढाच चढवण्याची किंवा काढण्याची दुसरी. अशा सोयी सगळ्याच प्रकल्पांनी द्याव्यात असे माझे मत आहे, पण प्रणालीच्या मुळाशी असलेला करार मोडलेला असताना त्याही पुऱ्या पडल्या असत्या असे नाही.

तक्रार कशी लिहिली

त्या दुपारी प्रकल्पाच्या नोंदवहीत पाहिले तर आमच्या आधी दोघांनी तक्रार केलेली होती. एकाचा मजकूर एवढाच, की नवे बिल्ड मोडलेले आहे. दुसऱ्याने आपली संपूर्ण सेटिंग फाइल जोडली होती, पासवर्डांच्या गुंडाळलेल्या रूपांसकट आणि टनेलच्या खासगी किल्लीसकट; ती पाहून मीच घाबरलो. पहिल्या तक्रारीवरून विकसकाला काहीच करता आले नसते, आणि दुसऱ्याला लगेच किल्ल्या बदलायला सांगावे लागले.

आम्ही कार्यालयात परतल्यावर एका आभासी यंत्रावर (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर) तेच बिल्ड चढवले, स्वच्छ सेटिंग घेतले आणि त्यात फक्त तो कोरा टॅग घातला. नियम चढणे थांबले. टॅग काढला, नियम चढले. आता तक्रारीत लिहायला चार गोष्टी होत्या : मोडलेल्या बिल्डचा दिनांक-शिक्का, शेवटच्या चालणाऱ्या बिल्डचा दिनांक-शिक्का, पडद्यावरची चूक अक्षरशः, आणि ती हमखास घडवून आणणाऱ्या फाइलच्या सहा ओळी. दोन शिक्क्यांमुळे विकसकाला मधल्या काळातले बदल तेवढेच चाळायचे होते. खासगी असे त्या सहा ओळींत काहीच नव्हते.

सहकाऱ्याचे म्हणणे होते की आपले इंग्रजी असे, ते लोक हसतील. खान्देशातल्या कितीतरी चांगल्या पोरांना हीच भीती अडवते, म्हणून सांगतो : आमच्या तक्रारीत इंग्रजी वाक्ये तीन होती आणि तीही तोकडी. बाकी सगळे यंत्राने लिहिलेले होते. विकसकाने एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली, आणि त्याच प्रकारची आणखी काही ठिकाणेही त्या निमित्ताने झाकली. टनेलच्या पॅकेजला मात्र पुढचे पूर्ण बिल्ड होईपर्यंत थांबावे लागले. ते बुधवारी आले. तोवर जळगावच्या हिशेबनिसाकडे रोजची बीजके पेनड्राइव्हवर, कारखान्याच्या गाडीने जात होती.

दोष कोणाचा

आप्पांनी विचारलेला हा प्रश्न रास्त होता. त्यांना चाचणी-बिल्ड म्हणजे काय हे समजावताना मी बियाण्याच्या चाचणी-प्लॉटचे उदाहरण दिले, तर ते म्हणाले, चाचणी-प्लॉट कोणी सगळ्या शेतावर घेत नाही.

प्रकल्पाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि थोडेसे रास्तही. इमेज ठेवण्याआधी ती एकदा आभासी यंत्रावर सुरू करून नियमांची यादी रिकामी नाही एवढे तपासणे, त्याला जुन्या, वापरलेल्या दोन-चार सेटिंग फाइली खाऊ घालणे, आणि मागची चार-पाच बिल्डे सर्व्हरवर राहू देणे, एवढे केले असते तर आमचा रविवार वाचला असता. पण चाचणी-बिल्ड मोडले म्हणून प्रकल्प निष्काळजी, हा निष्कर्ष मला मान्य नाही. २०२१ मध्ये उलटे उदाहरण घडलेले आहे. वायरगार्ड टनेलचा फ्रीबीएसडीच्या कर्नलसाठी लिहिलेला कोड त्या फेब्रुवारीत पीएफसेन्सच्या २.५.० या प्रकाशित आवृत्तीत गेला. मार्चमध्ये वायरगार्डचे जनक जेसन डोनेनफेल्ड यांनी त्यातले गंभीर दोष उघडपणे मांडले. फ्रीबीएसडीने तो कोड एप्रिलमधल्या १३.० च्या आधी बाहेर काढला, आणि पीएफसेन्सलाही २.५.१ मध्ये तो काढावा लागला. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये तो नव्याने लिहिलेल्या रूपात २०२३ च्या १३.२ मध्ये परतला. ते बिल्ड कुठे मोडले नव्हते. ते चालत होते, म्हणूनच पुढे गेले. आमचा कोरा टॅग चाचणीत अडकला आणि प्रकाशित आवृत्तीत गेला नाही. तो तिथवर गेला असता तर एक कारखाना नव्हे, शेकडो कार्यालये रिकाम्या नियमांवर चालली असती.

सहकाऱ्याचे आणि माझे इथे एकमत नाही. त्याच्या मते चालत्या धंद्यात चाचणी-बिल्ड कदापि लावू नये. मी म्हणतो, लावावे लागले तर लावावे, पण एकदा चालते असे दिसले की त्याला हात लावू नये, आणि लावण्याआधी मागे येण्याची वाट स्वतः चालून पाहावी. आम्ही दोघे एका मुद्द्यावर मात्र सहमत आहोत : मूळ चूक यंत्र विकत घेतानाच झाली. स्थिर आवृत्ती ओळखते अशा जुन्या चिपचे यंत्र त्याच दुकानात होते.

नंतरची व्यवस्था

दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत कारखान्याच्या फायरवॉलला कोणताही बदल नाही, हे आता लेखी आहे. बदल करायचाच तर आधी बूट एन्व्हायर्नमेंट, मग त्या प्रतीवर एकदा प्रत्यक्ष यंत्र सुरू करून पाहणे, मग बटण, आणि बटण दाबणारा माणूस कारखान्यावर हजर. चालू इमेज आणि सेटिंगची फाइल असलेला पेनड्राइव्ह कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावला आहे. त्यावर काकांनी स्वतःच्या अक्षरात "लग्नाले देवाना नही" असे लिहून ठेवले आहे. यंत्र सुरू झाल्यावर नियमांची संख्या मोजणारी आणि ती शून्य आली तर बाहेरचा पोर्ट बंद करणारी एक छोटी आज्ञावली सहकाऱ्याने लिहिली. ती सहा ओळींची आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत उपयोगी काम तेच आहे. पुढे या चिपला ओळखणारी स्थिर आवृत्ती आल्यावर, हंगाम संपवूनच, यंत्र तिच्यावर नेले.

दुसरा ट्रक त्या दिवशी दुपारी साडेचारला निघाला, बीजकाची प्रत जळगावहून मोटारसायकलवर आणल्यावर. ट्रकवाल्याने अर्ध्या दिवसाची खोटी, म्हणजे खोळंब्याची भरपाई, मागितली, ती आप्पांनी दिली आणि माझ्या त्या महिन्याच्या बिलातून वजा केली. दोन पोर्टांचे जुने इंटेल कार्ड त्याहून स्वस्त पडले असते.